पेशंट पडला तर

सासूबाई : परत म्हण.

सून : आई, जीभ सुजली माझी.

सासूबाई : उद्या परीक्षा आहे. जिभेचे लाड परवा कर. मला डच येत नसलं तरी कान शाबूत आहेत, मघाशी मध्येच कुठेतरी तुझं पाऊल घसरलं.

सून : आल्स हेत रेखंत, ब्लैफ इक तॉइस.

सासूबाई : म्हणजे?

सून : पाऊस पडला तर मी घरी राहते.

सासूबाई : असं ठोकात नको, किरकोळीत सांग. कुठला शब्द कुठला?

सून : तुम्ही शाळेतून रिटायर झालात ना हो?

सासूबाई : शाळेने केलं. मी झालेले नाही. बोल.

सून : 'आल्स' म्हणजे जर. 'हेत रेखंत', पाऊस पडतो. 'ब्लैफ' म्हणजे राहते, 'इक' म्हणजे मी, 'तॉइस' म्हणजे घरी.

सासूबाई : राहते मी घरी? आधी क्रियापद आणि मागून कर्ता? ही कुठली रीत?

सून : नुसतं 'मी घरी राहते' म्हणायचं असेल तर सरळ असतं. 'इक ब्लैफ तॉइस.' आधी मी, मग राहते. पण पुढ्यात ते 'आल्स'चं वाक्य येऊन बसलं की क्रियापद कर्त्याला कोपर मारून पुढे घुसतं. पहिल्या परीक्षेला मी ह्यातच गेले. घाबरले की तोंडातून आधी 'इक'च बाहेर पडायचं.

सासूबाई : आणि 'आल्स'च्या वाक्यात क्रियापद कुठे बसतं?

सून : शेवटी. अगदी आपल्यासारखं.

सासूबाई : थांब. ते वाटाण्यांचं ताट इकडे सरकव, आणि दोन चमचे दे.

सून : आत्ता काय खाताय?

सासूबाई : खात नाहीये, शिकवतेय. हा वाटाणा म्हणजे स्वल्पविराम. अलीकडे 'आल्स'चं वाक्य, त्यात क्रियापद शेवटी. म्हणजे हा चमचा वाटाण्याला चिकटून. पलीकडच्या वाक्यात क्रियापद सुरुवातीला, म्हणजे हा दुसराही वाटाण्याला चिकटून. काय दिसतं?

सून : वाटाणा चेंगरलाय.

सासूबाई : दोन विहिणी दिसतात. उंबऱ्याच्या अलीकडे एक, पलीकडे एक, नाकाला नाक लावून. बाकीचं वऱ्हाड कुठेही बसू दे, ह्या दोघी उंबरा सोडायच्या नाहीत. रेखंत, ब्लैफ. रेखंत, ब्लैफ.

सून : अय्या, खरंच की! आमच्या वर्गातल्या बाई फळ्यावर बाण काढून काढून दमल्या. इकडून तिकडे, तिकडून इकडे. मला तो फळा बघूनच गरगरायचं.

सासूबाई : बाणाने काय होतं? विहीण म्हटलं की माणूस जागा विसरत नाही. दुसरं दे. तुमच्या हॉस्पिटलातलं दे.

सून : आल्स द पाशेंत दोर्स्त हेफ्त, खेफ इक वातर. पेशंटला तहान लागली तर मी पाणी देते.

सासूबाई : वातर म्हणजे पाणी?

सून : हो. 'दोर्स्त' तहान, 'हेफ्त' आहे, 'खेफ' देते.

सासूबाई : विहिणी कोण?

सून : हेफ्त, खेफ.

सासूबाई : ह्या तर सख्ख्या बहिणी वाटतात. बरोबर आहे. पण मला एक सांग, 'आल्स' म्हणजे जर, मग तुमचं 'तर' कुठे गेलं?

सून : आहे ना, 'दान'. म्हटलं तर चालतं, पण बहुतेक वेळा खाऊन टाकतात.

सासूबाई : बघ, गंमत बघ. आपण म्हणतो, 'पाऊस पडला तर'. 'जर' कोण म्हणतं? आपण 'जर' गिळतो आणि 'तर' ठेवतो. हे लोक 'जर' ठेवतात आणि 'तर' गिळतात. दोन्ही घरं एकत्र आली की एक अख्खं जर-तर होतं.

सून : तुम्हाला ह्यात मजा येतेय.

सासूबाई : येणारच. कित्येक दिवसांत मला कुणी संकेतार्थी वाक्य विचारलं नव्हतं. तुझा नवरा बोटीवरून फोन करतो तो काय विचारतो? गोळ्या घेतल्यास का. बरं, आणि ते दुसरं कसं म्हणायचं? 'मला मुख्याध्यापिका केलं असतं तर शाळेची ही दशा झाली नसती.'

सून : त्याला 'झाऊ' लागतो. जे झालं नाही आणि होणारही नाही, तो सगळा कारभार झाऊकडे. पण उद्याच्या परीक्षेला फक्त खऱ्या अटी आहेत, होऊ शकतील अशा. झाऊ पुढच्या पातळीला.

सासूबाई : बरं झालं मी बसत नाहीये. माझी सगळी तयारी झाऊची.

सून : तुम्ही पहिल्या आला असतात.

सासूबाई : हेही झाऊचंच. चल, वाटाणे सोलता सोलता सांग. पहिल्यांदा विहिणींनी घात केला, ते कळलं. दुसऱ्यांदा काय झालं?

सून : तेच तर कळत नाही! दुसऱ्या वेळी विहिणी जागच्या हलल्या नाहीत. परीक्षक बाईंनी स्वतः शाबासकी दिली, शब्दांचा क्रम चांगला आहे म्हणून. आणि तरी शेवटी म्हणाल्या, तुम्हाला एवढ्यात पेशंटजवळ सोडता येणार नाही.

सासूबाई : असं म्हणाल्या? तुला? काय बोललीस तू त्यांना?

सून : काही नाही हो. त्यांनी विचारलं, पेशंट पलंगावरून पडला तर तुम्ही काय करता. मी म्हटलं, आल्स द पाशेंत फील, बेल्द इक द दोक्तर. पेशंट पडला तर मी डॉक्टरांना फोन करते. विहिणी बघा. फील, बेल्द.

सासूबाई : मग?

सून : मग त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, असं किती वेळा झालं? मला वाटलं माझा अनुभव विचारतायत. मी छाती पुढे काढून म्हटलं, खूप वेळा!

सासूबाई : पुढे?

सून : पुढे म्हणाल्या, मग तुम्ही काहीच बदल केला नाही? मी म्हटलं, छे, बदलायचं कशाला, आमची पद्धत उत्तम होती.

सासूबाई : आणि?

सून : आणि त्या बराच वेळ लिहीत बसल्या.

सासूबाई : हं. 'फील' म्हणजे काय?

सून : पडला.

सासूबाई : पडतो नाही?

सून : पडतो म्हणजे 'फाल्त'. पण 'पडतो तर' असं कोण म्हणतं? पेशंट पडला तर.

सासूबाई : मराठीत.

सून : म्हणजे?

सासूबाई : मघाशी तू मला पावसाचं किरकोळीत सांगितलंस. 'हेत रेखंत', पाऊस पडतो. मला तेव्हाच खटकलं. डचमध्ये पडतो, आणि मराठी अर्थ सांगताना तू म्हणालीस पडला तर. ते पावसाचं वाक्य पुस्तकातलं ना?

सून : हो. वर्गात पाठ करून घेतलेलं.

सासूबाई : आणि तो पडलेला पेशंट तुझा स्वतःचा.

सून : माझा... हो. तो मीच मराठीतून उचलला.

सासूबाई : उचलला कसला, भूतकाळासकट आणलास. आपल्या भाषेला ही खोड आहे. जे अजून झालंच नाही ते आपण झालं म्हणून मोकळे होतो. पाहुणे आले तर. दूध नासलं तर. तू पास झालीस तर. वेश सगळा भूतकाळाचा, आत बसलंय भविष्य. जन्मभर मुलींना हेच शिकवलं मी, वेश बघू नका, आत कोण आहे ते बघा. आता मला सांग, तुमच्या डचमध्ये भूतकाळाच्या वेशात आत कोण असतं?

सून : भूतकाळच. आणि त्याला 'आल्स' लावला की... अगं आई गं.

सासूबाई : काय?

सून : अगं आई गं आई गं.

सासूबाई : अगं काय?

सून : 'जेव्हा जेव्हा पेशंट पडायचा, तेव्हा तेव्हा मी डॉक्टरांना फोन करायचे.'

सासूबाई : किती वेळा झालं असं?

सून : खूप वेळा!

सासूबाई : मग काही बदल केला नाही?

सून : आमची पद्धत उत्तम होती! आई, हसू नका ना. त्यांना वाटलं असेल, ही बाई होती त्या वॉर्डात पेशंट धडाधड पडतायत आणि ही शांतपणे फोन फिरवतेय. आई, वाटाणे सांडले!

सासूबाई : सांडू देत. मीच पडते आता खुर्चीवरून. मी पडले तर फोन कर हो.

सून : आल्स मैन स्खोनमूदर फाल्त... बघा, आता आपोआप फाल्त आलं!

सासूबाई : डोळे पूस. हसतेयस की रडतेयस?

सून : दोन्ही. त्या एका 'पडला'पायी मी इतके महिने तळघरात काढले, आई. तिकडे आपल्याकडे नर्स असताना ऑपरेशन झालेली माणसं मी हाताला धरून उभी केलीत. डॉक्टर यायच्या आत रंग बघून सांगायचे, ह्याला आतून रक्तस्राव होतोय. आणि इथे हॉस्पिटलच्या तळघरात उशांचे अभ्रे मोजते. वरच्या मजल्यावर पेशंटची बेल वाजली की खाली माझे पाय आपोआप निघतात. मग आठवतं, आपण कुणीच नाही.

सासूबाई : उद्या पास झालीस तर?

सून : मोठ्या सिस्टरनी सोमवारपर्यंत जागा धरून ठेवलीय. झाले तर वॉर्डात, नाही झाले तर दुसरी कुणीतरी. पुन्हा परीक्षा पुढच्या वर्षी.

सासूबाई : आणि झालीस, तर तुझ्या लेकीला, चिमणीला कोण सांभाळणार? तो बोटीवर, मी पुढच्या आठवड्यात जाणार.

सून : बघू.

सासूबाई : बघू म्हणजे?

सून : आधी पास तर होऊ दे. तुमचा तो जाड स्वेटर बॅगेत घातलाय मी. वरच ठेवलाय, विमानात लागेल.

सासूबाई : घातलास का. बरं. चल, आता मी भराभर विचारणार, तू भराभर सांगायचं. मी मराठीत वेश चढवीन, तू उतरवायचास. ताप वाढला तर?

सून : आल्स द कोर्त्स स्तैख्त.

सासूबाई : वाढला की वाढतो?

सून : वाढतो!

सासूबाई : पेशंट पडला तर?

सून : आल्स द पाशेंत फाल्त, बेल इक द दोक्तर.

सासूबाई : 'बेल्द' कुठे गेलं?

सून : तळघरात.

सासूबाई : शाबास. आता तुझं स्वतःचं एक. पुस्तकातलं नको, हॉस्पिटलातलं नको. मनातलं.

सून : मनातलं?

सासूबाई : पाठ केलेलं कुणालाही येतं. मनातलं बोलताना वेश चढतो. बोल.

सून : आल्स मैन स्खोनमूदर ब्लैफ्त, वेर्क इक.

सासूबाई : म्हणजे?

सून : काही नाही. असंच.

सासूबाई : मघापासून ही मूदर मूदर कोण?

सून : सासूला म्हणतात. 'मूदर' म्हणजे आई. 'स्खोन' म्हणजे स्वच्छ, नाहीतर सुंदर.

सासूबाई : स्वच्छ आई? भांडी कोण घासतं ते बघून ठेवलंय वाटतं नाव. आणि माझ्याबद्दल काय म्हणालीस?

सून : व्याकरण सांगा ना तुम्ही. बरोबर आहे का?

सासूबाई : ब्लैफ्त, वेर्क. विहिणी जागेवर आहेत.

सून : मग झालं. चिमणी उठली वाटतं, बघते हं.

(दुसऱ्या दिवशी दुपारी, त्याच स्वयंपाकघरात. सून दार लोटून आत येते, पर्स टेबलावर टाकते.)

सासूबाई : काय झालं?

सून : पाणी.

सासूबाई : पाणी मागाहून. आधी काय झालं ते सांग.

सून : आल्स द पाशेंत दोर्स्त हेफ्त...

सासूबाई : खेफ इक वातर. घे. आता बोल.

सून : आई! तुम्हाला पाठ आहे?

सासूबाई : सकाळपासून चिमणीला तेच म्हणून दाखवतेय. तीसुद्धा ख काढायला शिकली. तू विषय बदलू नकोस. चेहऱ्यावरून काही कळत नाहीये मला.

सून : त्याच बाई होत्या.

सासूबाई : चष्म्याच्या?

सून : चष्म्याच्या. मला बघितलं आणि म्हणाल्या, अरे, तुम्ही त्या पडणाऱ्या पेशंटच्या वॉर्डातल्या ना?

सासूबाई : लक्षात ठेवलं होतं मेलीने.

सून : असं नका म्हणू, पुढे ऐका. मी बसले. टेबलावर त्यांचं पेन होतं आणि पेन्सिल होती. मी विचारलं, हलवू का? त्या म्हणाल्या, हलवा. मी दोन्ही समोरासमोर ठेवलं, मध्ये माझ्या अंगठीचं बोट.

सासूबाई : वाटाण्याच्या जागी?

सून : वाटाण्याच्या जागी. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला. अगदी मुद्दाम. पेशंट पलंगावरून पडला तर तुम्ही काय करता?

सासूबाई : आणि तू?

सून : माझ्या तोंडात 'फील' आलं होतं.

सासूबाई : अगं!

सून : जिभेच्या टोकावर होतं. खरंच सांगते. आणि तेवढ्यात मला तुमचा आवाज आला, पडला की पडतो. मी एक श्वास घेतला. आल्स द पाशेंत फाल्त, बेल इक द दोक्तर. पण आधी त्याला हलवत नाही, त्याच्याशी बोलते, घाबरू नका म्हणते. सगळं वर्तमानकाळात, आई. एकही पेशंट भूतकाळात पडला नाही.

सासूबाई : वा! मग त्या?

सून : त्यांनी लिहायला उचललेलं पेन खाली ठेवलं. म्हणजे बोटाशेजारी ठेवलं, विहिणीच्या जागेवर. म्हणाल्या, मागच्या वेळी तुम्ही वेगळं म्हणाला होतात. आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी समजावून सांगितलं. डचमध्ये! म्हटलं, माझ्या भाषेत जे अजून घडलेलं नाही ते आम्ही घडलं असं धरून बोलतो. मागच्या वेळी कुणीही पडलं नव्हतं. मी मराठीत विचार केला आणि तो डचमध्ये पडला.

सासूबाई : असं म्हणालीस? विचार पडला म्हणालीस?

सून : हो. त्या इतक्या हसल्या की बाहेरून कुणीतरी डोकावून गेलं. आणि मग म्हणाल्या, म्हणजे तुमच्याकडच्या नर्सेस पेशंट पडायच्या आधीच तयार असतात तर.

सासूबाई : हे सुचलं असतं मला... नको. बाईंना मेली म्हटलं ते मागे घेते. पुढे?

सून : पुढे विचारलं, पेशंटचे नातेवाईक चिडले तर? मी म्हटलं, आल्स द फामिली बोस इस, लॉइस्तर इक. कुटुंबातली माणसं रागावली तर मी ऐकून घेते. त्या म्हणाल्या, जमतं का ते? मी म्हटलं, सवय आहे.

सासूबाई : कुणामुळे गं?

सून : ते नाही विचारलं त्यांनी.

सासूबाई : नशीब. आता निकाल सांगतेस की लाटणं घेऊ?

सून : मला बाहेर बसवलं. समोर भिंतीवर एक मोठं घड्याळ. मी घड्याळाकडे बघितलंच नाही, मनात जप करत होते, हेफ्त खेफ, फाल्त बेल, हेफ्त खेफ, फाल्त बेल. बाई बाहेर आल्या. हात पुढे केला. आणि म्हणाल्या, सिस्टर, अभिनंदन.

सासूबाई : सिस्टर म्हणाल्या?

सून : सिस्टर म्हणाल्या, आई! इथे आल्यापासून पहिल्यांदा मला कुणीतरी सिस्टर म्हणालं!

सासूबाई : ये. ये इकडे. अशी ये. अगं वेडे, आता रडतेस कशाला? मी रडतेय ते वेगळं, माझं वय झालंय. सिस्टर! माझी सून सिस्टर आधीपासूनच होती, ह्यांना आज कळलं. थांब, तोंड गोड करू. साखर... साखरेचा डबा कुठे गेला? हा घे चमचा. आ कर.

सून : हा कालचाच चमचा आहे. विहीण.

सासूबाई : मग तर दोनदा खा.

सून : तिथून तडक तळघरात गेले. निकाल आणि पडणाऱ्या पेशंटचा किस्सा सांगितल्यावर सगळ्या बायका उठल्या. एकीने अभ्रा माझ्या डोक्यात नर्सच्या टोपीसारखा घातला, दुसरीने चादरींची ढकलगाडी आणली आणि मला त्यात बसवून लिफ्टपर्यंत नेलं. मी ओरडत होते, मी पडेन, मी पडेन! आणि त्या सगळ्या एका सुरात, पडलीस तर फोन करू!

सासूबाई : माझ्या लेकाला कळवलंस?

सून : बोटीवर निरोप टाकलाय. त्याचं उत्तर आलं, मला ठाऊकच होतं. आणि खाली, आईने गोळ्या घेतल्या का?

सासूबाई : गाढव आहे. गोड गाढव. मग आता सोमवारपासून वॉर्डात. युनिफॉर्म कधी देणार?

सून : एक प्रश्न सांगायचा राहिला.

सासूबाई : कुठला?

सून : शेवटचा. आत असतानाच विचारला होता. पास झालात तर सोमवारपासून कामाला याल ना?

सासूबाई : त्यात काय, हो म्हणायचं.

सून : मला हो म्हणता येईना. मी कालचंच वाक्य म्हटलं. मनातलं. आल्स मैन स्खोनमूदर ब्लैफ्त, वेर्क इक.

सासूबाई : हं.

सून : त्यांनी विचारलं, मग त्या राहणार आहेत का? मी म्हटलं, माहीत नाही. मी त्यांना विचारलेलं नाही.

सासूबाई : त्या काय म्हणाल्या?

सून : म्हणाल्या, वाक्य अचूक आहे, पण उत्तर अर्धं आहे. आई, त्याचा अर्थ...

सासूबाई : राहू दे. काल चिमणीला पाय हलवून झोपवताना मी ते सोडवलं. स्खोनमूदर तूच सांगितलीस. ब्लैफ पावसाच्या वाक्यात आलं होतं, राहते. आणि वेर्क कळायला काही डच लागत नाही. माझी सासू राहिली तर मी काम करते.

सून : तुम्हाला कालपासून माहीत होतं?

सासूबाई : होतं.

सून : मग बोलला का नाहीत?

सासूबाई : परीक्षेच्या आदल्या दिवशी पोरीला दुसरं काही सांगू नये. आणि तू मला कुठे म्हणाली होतीस? तू व्याकरणाला म्हणालीस.

सून : मला तुम्हाला अडकवायचं नव्हतं. आल्या दिवसापासून तुम्ही म्हणताय, मी पाहुणी आहे, मी पाहुणी आहे.

सासूबाई : पाहुणीला कुणीतरी थांबा म्हणायचं असतं, बाई. तू स्वेटर काढून बॅगेत वर ठेवलास. मला वाटलं, हिला घाई झालीय.

सून : घाई? तो स्वेटर घडी करताना मी... आई, तुम्ही नाही म्हणाला असतात तर मी काय केलं...

सासूबाई : झाऊ! त्याला झाऊ लागतो. आणि काल तू तिथे झाऊ लावला नव्हतास. मी नीट ऐकलं. 'राहिल्या असत्या तर' असं म्हणाली नाहीस, ब्लैफ्त म्हणालीस. म्हणजे हे होऊ शकेल असं तुला वाटत होतं. मी जन्मभर असतं-नसतंमध्ये बोलत आले. माझ्यासाठी कुणी खरी अट घालेल असं मला वाटलं नव्हतं गं.

सून : मग आता सरळ विचारते. थांबाल?

सासूबाई : थांब, मला वाक्य करू दे. डचमध्ये 'तू' कसं म्हणतात?

सून : यै.

सासूबाई : आल्स इक ब्लैफ... वेर्क यै. मी राहिले तर तू काम करतेस. विहिणी?

सून : जागेवर आहेत. आई, पैकीच्या पैकी!

सासूबाई : पेन्सिल असती तर शेरा लिहून घेतला असता. बरं, आता ह्यातला तो 'आल्स' काढून टाकला तर काय उरतं?

सून : 'आल्स' काढला की मग अट राहत नाही. मग नुसतं...

सासूबाई : तू नको सांगूस. परीक्षा माझी आहे. इक ब्लैफ.